फोटोतला खांब, घरातला खांब

मी नाटकांचं नेपथ्य करते. गेल्या अंकात या सदरात मी एवढंच लिहिलं होतं, की नाटकातलं जुनं घर उभं करायचं असेल तर सुताराकडं जायच्या आधी वाचनालयात जा. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही. ज्यांचं काम खरोखर अडलंय, अशी चार पत्रं घेते.

प्रश्न : ताई, आमची हौशी संस्था यंदा राज्य नाट्य स्पर्धेत नवीन नाटक करतेय. नाटक १९३५ सालचं, तासगावातल्या एका वकिलाच्या घरात घडतं. मोबाइलवर 'जुना वाडा' शोधलं की हॉटेलं आणि लग्नाचे हॉल येतात. वाचनालयात गेलो तर ग्रंथपाल म्हणाले, 'वाड्यांचं पुस्तक आमच्याकडं नाही.' मग बघायचं काय? – एक दिग्दर्शक, तासगाव

उत्तर : ग्रंथपालांचं काही चुकलं नाही, तुमचं मागणं चुकलं. वाड्यांचं पुस्तक मिळालं असतं तरी त्यात दिंडी दरवाजा भेटला असता, वकिलाचं घर नाही. उद्या परत जा आणि विचारा, "१९३० ते १९४० या काळातल्या मासिकांचे बांधीव खंड आहेत का?" आपल्या भागात 'किर्लोस्कर' असण्याची शक्यता जास्त. घरचंच मासिक ते. औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, तिथून १९२० साली कारखान्याचं पत्र म्हणून 'किर्लोस्कर खबर' निघालं आणि पुढं त्याचंच 'किर्लोस्कर' झालं. १९३० पासून 'स्त्री', १९३४ पासून 'मनोहर'. तुमच्या नाटकाचं साल आणि ही तिन्ही मासिकं एका वेळची. तुमच्या वकिलांच्या टेबलावर यातलं एखादं पडलेलं असायला काहीच हरकत नाही.

खंड हातात आला की गोष्टी वाचायचा मोह आवरा. आधी जाहिराती बघा. शिवणयंत्र, घड्याळ, केसांचं तेल, सायकल, टॉनिक. जाहिरातीत वस्तूचं चित्र असतं आणि बऱ्याचदा खाली रुपये-आण्यांत किंमत. ही किंमत वहीत टिपून घ्या, कारण वस्तू कुणाच्या घरात होती हे किंमतच सांगते. मग त्याच खंडातली एखादी गोष्ट वाचा. त्यात कारकुनाचा, मास्तरांचा पगार कुठंतरी आलेला असतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की फोनोग्राफ कुणाच्या दिवाणखान्यात शोभेल आणि कुणाच्या घरात खोटा वाटेल, ते आपोआप कळतं. आपल्या स्पर्धेत जुना काळ म्हटलं की प्रत्येक घरात कर्ण्याचा फोनोग्राफ आणून ठेवतात. तो बघून मला खरंच वाईट वाटतं. नाटकातल्या माणसाची ऐपत नेपथ्यानंच बदलून टाकलेली असते.

एक जाहिरात मी अजून विसरले नाही. शिवणयंत्राचीच होती, रेखाचित्र. बाई खुर्चीवर बसून शिवतेय, शेजारी कोट घातलेला नवरा उभा. चित्रकारानं नवऱ्याच्या पायात बूट दाखवलेत आणि बाईची पावलं उघडी. नुसती उघडी नाहीत, तर एक पाऊल यंत्राच्या पायपट्टीवर आणि दुसरं आखडून खुर्चीच्या दांडीवर घेतलेलं. पाटावर मांडी घालून बसणारी बाई खुर्चीवर बसली की पाय कुठं ठेवते, हे त्या चित्रकारानं घरात बघितलेलं होतं. त्याला जाहिरात करायची होती यंत्राची, पण पायाची ती सवय त्याच्या हातून उतरली. तेव्हा मी करत होते त्या नाटकाच्या नायिकेला मी ते पान दाखवलं. तिसऱ्या अंकात ती खुर्चीवर तशी बसली आणि मला त्या खुर्चीभोवती आणखी काही मांडावं लागलं नाही.

तुमच्या वकिलाच्या घराचं मर्म मला यातच दिसतं. बाहेरच्या सोप्यात टेबल, खुर्ची, कायद्याची पुस्तकं, कॅलेंडर, म्हणजे मासिकातलं सगळं. माजघराचा उंबरा ओलांडला की पाट, अडणी, फडताळ, कोनाड्यात चिमणी, म्हणजे त्याच्या आईचं घर. दोन्ही काळ एकाच छपराखाली, मध्ये एक उंबरा. तो उंबरा रंगमंचावर नीट दिसेल असा ठेवा, पाच-सहा इंच उंच आणि मधोमध झिजलेला. कोण तो सहज ओलांडतं आणि कोण अडखळतं, यावर तालमीत काम करता येईल.

आता खांबांबद्दल. नेपथ्य करायला लागल्यावरचं माझं दुसरंच नाटक होतं, १८९९ सालातलं. 'संगीत शारदा' रंगभूमीवर आलं ते हे साल, म्हणून आमच्या लेखकानं ते मुद्दाम धरलेलं. वाचनालयात एका जुन्या खंडात मला एका कुटुंबाचा फोटो सापडला. नक्षीचा अर्धा खांब, वळणदार पायांचं टेबल, मागं बागेचा पडदा. मी हरखले. चार दिवस राबून मी आणि बॅकस्टेजच्या दोन मुलांनी तो खांब प्लायवर प्लास्टर ऑफ पॅरिस चढवून केला आणि वकिली थाटाच्या ओसरीवर उभा केला. प्रयोग संपल्यावर नातवाचा हात धरून ऐंशी पार केलेल्या एक आजी रंगपटात आल्या. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "बाळ, काम छान झालंय. पण हा खांब घरातला न्हवं, हा फोटोवाल्याचा. आमचा बी फोटू असल्याच खांबापाशी काढलाय."

मी दुसऱ्या दिवशी त्याच खंडाशी जाऊन बसले. पुढच्या शंभरेक पानांत आणखी दोन कुटुंबांचे फोटो होते. दोन्हींत तोच खांब, तेच टेबल, तोच बागेचा पडदा. खांब फोटो स्टुडिओचा होता. माणसं बदलत होती, घर बदलत नव्हतं. तेव्हापासून फोटो बघताना मी आधी जमीन बघते. सतरंजीची कड, शेणानं सारवल्याची खूण, पडद्याचा खालचा काठ जमिनीवर टेकलाय का. जमीन खोटं बोलत नाही. त्याच नाटकात मी तुळईला प्रभाकर कंदीलही टांगला होता. तो कंदील बनवणारा ओगलेवाडीचा काचकारखाना सुरू झाला १९१६ साली, आणि माझा कंदील १८९९ मध्ये जळत होता. हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. मला पुढं चार वर्षांनी कळलं आणि रात्रभर झोप लागली नाही. तुमच्या १९३५च्या नाटकात तोच कंदील अगदी योग्य आहे. जरूर लावा.

आणखी एक. गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ, बघणार असाल तर सांगलीचं शोधत बसू नका. तुमचा तासगाव, तसेच वाळवा आणि खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये आणि त्याचा सांगली जिल्हा झाला १९६० मध्ये. म्हणून मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सातारा खंड मागा, १८८५ सालचा. इंग्रजीत आहे, पण निरनिराळ्या समाजांची घरं, कपडे, खाणंपिणं यांचं वर्णन बारकाईनं केलेलं आहे. तुमच्या नाटकातल्या आजीचं बालपण त्या पानांत आहे.

प्रश्न : ताई, मी मीडियाचा कोर्स करतेय. पणजीच्या आयुष्यावर लघुपट करायचाय, काळ १९१२च्या आसपास. वाचनालयातल्या एका जुन्या अंकात स्त्रियांच्या सभेचा फोटो मिळाला. त्यात जवळपास सगळ्या बायका काळ्या लुगड्यांत आहेत. आमचा कॅमेरामन म्हणतो, काळाच वापरू, पडद्यावर भारी दिसेल. वापरू का? – एक विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : थांब. एकही लुगडं विकत घेऊ नकोस.

तुझ्या पणजीकडं काळी चंद्रकळा असेल, संक्रांतीला ती नेसलीही असेल. पण भर सभेत सगळ्या बायका काळ्यात, हे आपल्याकडं पटतं का? दोष बायकांचा नाही आणि छपाईचाही नाही, दोष काचेचा. त्या काळच्या फोटोच्या काचांवर जो लेप असायचा त्याला निळा उजेड चांगला कळायचा, लाल जवळजवळ कळायचाच नाही. त्यामुळं लाल रंग फोटोत काळा उतरायचा आणि आकाशी रंग पांढरा. जुन्या फोटोतलं आभाळ कोऱ्या कागदासारखं दिसतं ते त्यामुळंच. सगळे रंग सारखे ओळखणारी फिल्म सर्रास वापरात आली ती पुढं, १९२०-३०च्या दशकांत.

तू एक कर. भिंग घे आणि एकेका बाईचं कपाळ बघ. कुंकू दिसतंय का? कसं दिसतंय? काळंच दिसणार. आता ते कुंकू आपल्याला माहीत आहे की लाल आहे. त्या कुंकवाइतकंच काळं लुगडं दिसत असेल तर ते लाल, तांबडं, डाळिंबी असण्याचा संभव मोठा. हिरवं आणि पिवळंही गडद उतरू शकतं. आणि एखादी बाई पांढऱ्या लुगड्यात दिसत असेल तर ती विधवाच आहे असं धरून चालू नकोस. कपाळ बघ, हात बघ. कुंकू आणि बांगड्या असतील तर ते फिकट निळं लुगडं असेल.

फोटोवरून रंगाचा निवाडा करायचाच नाही, एवढं मनाशी धर. फोटोवरून घे ते नेसणं. निऱ्या किती, पदर कुठल्या खांद्यावरून आणि कुठं खोचलाय, चोळीची बाही कोपराच्या किती वर, खणाचा काठ कुठं आलाय. रंग दुसरीकडून आण. धुरंधरांची चित्रं बघ. म. वि. धुरंधर आपल्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेले. १९२० मध्ये निघालेल्या ऑटो रॉथफेल्ड यांच्या 'विमेन ऑफ इंडिया' या पुस्तकात त्यांनी रंगवलेल्या निरनिराळ्या प्रांतांतल्या स्त्रिया आहेत, आणि जुनं पुस्तक असल्यानं ते संगणकावरही वाचायला मिळतं. त्यातसुद्धा छापील रंग शंभर वर्षांनी विटलेला असतो हे ध्यानात ठेव. मग घरी जा. आजीची, मावशीची जुनी ट्रंक उघड. इरकली लुगडं सापडलं तर वरचा भाग बघू नकोस, पदराची आतली दुमड उलगडून बघ. तिथं ऊन पोचलेलं नसतं. मूळ रंग तिथं बसून राहिलेला असतो. तो धागा दिवसाच्या उजेडात धर आणि मग कापडाच्या दुकानात जा.

लघुपट आहे म्हणून एक सांगते, रंगमंचाला हे लागू नाही. आमच्याकडं दहाव्या रांगेतून जे दिसत नाही ते नसलं तरी चालतं. तुझा कॅमेरा दोन फुटांवर येणार. पत्रावरचं तिकीट, वर्तमानपत्राचा मथळा, पोथीचं पान, कपड्याची आजची ओव्हरलॉक शिलाई, हे सगळं त्याला दिसतं. त्या काळचं पोस्टकार्ड वाचनालयाच्या जुन्या पत्रव्यवहाराच्या फाइलीत हमखास मिळतं. बघून, मोजून, हातानं नवीन कर. मूळ कार्ड चित्रीकरणाला मागू नकोस.

प्रश्न : आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात रामायणावर नाट्यप्रवेश आहे. औंधचे राजे आणि चित्रकार बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या चित्ररामायणातलं एक चित्र मोठं करून फ्लेक्सवर छापून मागं लावावं असं ठरतंय. कायद्यानं चालेल का? – एक शिक्षक, वाई

उत्तर : चालेल. चित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतो. बाळासाहेब गेले १९५१ साली, म्हणजे २०११ अखेर तो संपला. मात्र मूळ चित्राचा फोटो संग्रहालयात जाऊन काढणार असाल तर तिथली परवानगी घ्या. त्यांच्या दाराआत त्यांचे नियम.

पण सर, फ्लेक्स नको. १९१६ सालचं छापील पान वीस फुटांवर ताणलं की चित्राच्या आधी छपाईचे ठिपके दिसतात, चाळणीतून बघितल्यासारखे. शिवाय फ्लेक्स चकाकतो. समोरून दिवा पडला की रामाच्या चेहऱ्यावर पांढरा डाग. त्यापेक्षा मुलांकडून पडदा रंगवून घ्या. माझे वडील सांगलीत दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि हंगामात जत्रेतल्या नाटकांचे पडदे. मांजरपाट चौकटीला ताणायचा, सरस पाण्यात मंद शिजवून त्यात खडूची पूड कालवायची आणि तो हात पहिल्यांदा द्यायचा. वाळला की चित्रावर आणि पडद्यावर सारख्याच चौकटी आखायच्या. एकेका मुलाला एकेक चौकट. तो पडदा उजेड पितो, परत फेकत नाही. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबुराव पेंटर सिनेमाकडं वळण्याआधी नाटकांचे पडदेच रंगवत होते, हे मुलांना जरूर सांगा. आणि जमलं तर मुलांना घेऊन औंधला जा. वाईहून एका दिवसात जाऊन येता येतं. श्रीभवानी संग्रहालयात बाळासाहेबांच्या चित्रांसमोर उभं राहिलेल्या मुलाचा हात पडद्यावर वेगळा चालतो, हे मी बघितलंय.

प्रश्न : ताई, मी एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. २०१९च्या महापुरात खालच्या दोन फळ्यांवरचं सगळं भिजलं. वरचे जुने मासिकांचे खंड वाचले, पण ते कुणीच नेत नाही. जागा अडते म्हणून रद्दीत काढावेत असा कार्यकारिणीत विषय आहे. तुम्ही लिहिता तशी नाटकवाली मुलं कधीमधी येतात, पण पानं दुमडतात, जिभेला बोट लावून उलटतात. काय करावं? – एक ग्रंथपाल, पलूस तालुका

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

त्या ऑगस्टमध्ये पाणी ओसरल्यावर मीही एका ओळखीच्या वाचनालयात चिखल काढायला गेले होते. साधा कागद भिजला तरी सुटतो. सावलीत, पंख्याखाली, पानांत टिपकागद घालून दोन दिवसांत सुकवला तर बुरशीच्या आधी हाती लागतो. पण गुळगुळीत आर्ट पेपर भिजला आणि तसाच वाळला की त्याच्यावरचा थर विरघळून पानं एकमेकांना चिकटतात. जुन्या दिवाळी अंकांत चित्रं असतात ती नेमकी त्याच कागदावर. माझ्या हातात एक अंक आला. मजकुराची पानं सुटी झाली आणि मधल्या चित्रांची एक वीट झाली होती, बोटभर जाडीची. कडेनं निळा आणि तांबडा रंग ओघळलेला दिसत होता. आत काय होतं ते आता कुणालाच कधी दिसणार नाही. मी ती वीट घरी आणून ठेवलीय.

म्हणून सांगते, वाचलेले खंड काढू देऊ नका. नेणाऱ्यांच्या आकड्यावर त्यांची किंमत करायची नसते. ते घरी नेण्यासाठी नाहीतच, ते तिथं बसून बघण्यासाठी आहेत. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयात १९१५ पासून निव्वळ चित्रांचा एक विभाग आहे. रोमाना जाविट्झ नावाच्या बाईंनी १९२९ ते १९६८ तो सांभाळला. तिथं चित्र कुणी काढलं यावरून लावलेलं नसतं, चित्रात काय आहे यावरून लावलेलं असतं. खुर्च्या एका ठिकाणी, पूल एका ठिकाणी, छत्र्या एका ठिकाणी. नाटक-सिनेमावाले, कपडे करणारे, चित्रकार तिथं जाऊन नेमकं हवं ते काढून बघतात. ते लोक चित्रं कापून फाइलींत ठेवतात. आपण एकही पान कापायचं नाही. आपण नुसती वही करायची.

दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक पानाला एक मथळा द्या : दिवे. खुर्च्या आणि बैठकी. पगड्या-टोप्या. स्वयंपाकघर. दारं-खिडक्या. गाड्या आणि बैल. बायकांचं नेसणं. दुकानं. खाली एकेक ओळ, मासिक, महिना, साल, पान. एवढंच. रोज अर्धा तास, एक खंड पंधरा दिवसांत होतो. पुढच्या वेळी कुणी मुलगा येऊन 'जुना कंदील' म्हणाला की त्याला सगळे खंड चिवडावे लागणार नाहीत, वही बघून तो नेमकं पान उघडेल. पानं दुमडतात ती बहुतेक शोधताना. आणि कार्यकारिणीपुढं तुम्ही ती वही ठेवू शकाल.

मुलांसाठी टेबलावर चार गोष्टी ठेवा. साबण आणि कोरडा पंचा, कारण कागदाला स्वच्छ कोरडा हात सगळ्यात चांगला. शिसपेन्सिल, शाईपेन बाहेर. एक साधी पट्टी, म्हणजे मोबाइलवर फोटो घेताना ती पानाशेजारी ठेवता येईल आणि माप कळेल. आणि दोन छोट्या उश्या, जुन्या बांधणीचा खंड पूर्ण उताणा पडू नये म्हणून. फ्लॅश बंद. खालच्या फळ्यांवर एकही खंड ठेवू नका, सगळे कमरेच्या वर घ्या. नदी पुन्हा येणार आहे.

सभा कधी आहे ते कळवा. पलूस मला लांब नाही. आदल्या रविवारी सकाळच्या एस.टी.नं येते, वही मी आणते. 'दिवे' आणि 'खुर्च्या' ही दोन पानं आपण त्या दिवशीच भरून टाकू.